हिरवं पाकीट

माझी मुलगी जगात एकाच घरात न विचारता जेवायची, आणि ते आमचं घर. बाकी कुठेही जा, अगदी तिच्या सासरीसुद्धा, आधी दहा प्रश्न. यात दूध आहे का, अंडं आहे का, तवा कशानं पुसलात, चमचा कुठून घेतलात. लोकांना वाटतं पोरगी नखरेल आहे. नखरे कसले! दुधाचा किंवा अंड्याचा कण पोटात गेला की तिचा घसा आतून मिटतो. आठ महिन्यांची असताना पहिल्यांदा झालं. माझ्या हातावर निळी पडली होती. ते वजन अजून हातात आहे.

मी वेल्डर. बसच्या बॉड्या जोडण्यात छत्तीस वर्षं गेली. स्वयंपाकातलं मला एवढंच कळायचं की ताट आलं की मान खाली घालून जेवायचं. बायको मात्र त्या दिवसापासून कंबर कसून मागं लागली. घरातून दूध गेलं, दही गेलं, लोणी गेलं, अंडी गेली, सावधगिरी म्हणून मांस-मच्छीही गेली. काढून टाकणं सोपं असतं हो. त्या जागी घालायचं काय? दोनेक वर्षं आम्ही तिघं जे जेवलो ते मी शत्रूलाही वाढणार नाही.

मग हिला एक जपानी म्हातारी भेटली. ही तिच्याकडे केर-फरशीला जायची. म्हातारी कुठल्याशा देवळाच्या घरात वाढलेली, तिच्या चुलीवर जनावराचं काही चढत नसे. एकदा हिनं पोरीला बरोबर नेलं. म्हातारीनं पोरीचा डबा उघडून बघितला. कोरडा भात आणि उकडलेला बटाटा. तिनं हिच्या हातातला झाडू काढून घेतला आणि हिला सरळ स्वयंपाकघरात ओढत नेलं. पुढची सहा वर्षं फरशी कमी आणि शेगडी जास्त. ती तिच्या भाषेत बोलायची, ही आपल्या भाषेत, आणि दोघींचं झकास भांडणसुद्धा व्हायचं.

ही तिथून काय काय शिकून आली! सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, फडक्यातून पिळून त्याचं दूध काढायचं. त्या दुधाचा टोफू, म्हणजे पांढरी घट्ट वडी, तिळाच्या तेलात परतून वर आलं किसायचं. समुद्रातलं वाळवलेलं काळं शेवाळ आणि सुके मशरूम पाण्यात भिजवून त्याचं सार, आणि त्यात शेवटी मिसोचा खारट गोळा कालवायचा. मिसो ही घरीच घालायची. सोयाबीन शिजवून, ठेचून, मीठ आणि बुरशी लावलेला तांदूळ कालवून बरणीत वर्षभर दाबून ठेवायचं. दाबायला म्हणून मी वर्कशॉपमधून एक लोखंडी ठोकळा आणला, तर म्हणाली, "गंज खायला घालणार का आम्हाला? दगड आणा दगड. घरात एक आहे, पण तो बरणीत मावत नाही." हे माझ्याबद्दल.

आणि पाव. आदल्या संध्याकाळी वाटीभर पिठावर उकळतं पाणी ओतून त्याचा गोळा झाकून ठेवायचा. सकाळी तो बाकीच्या पिठात टाकून सोयाच्या दुधात मळायचा. एवढ्यानं पाव असा व्हायचा की तिसऱ्या दिवशीही दाबला तर परत वर यायचा. आमच्या घरात त्याला उकडपाव म्हणायचे. त्यासाठी मी पत्र्याचा ओव्हन जोडून दिला होता. दार किंचित तिरकं बसलंय, त्याला स्टूल टेकवावं लागतं, पण आत आच सारखी. आयुष्यात मी शेकडो बसगाड्या जोडल्या. त्या ओव्हनसमोर सगळ्या झक मारतात.

पोरगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. जावई लिफ्ट दुरुस्त करतो, चांगला माणूस आहे, बोलतो कमी. पोरगी गेल्यावर मी परत दुधाचा चहा सुरू केला. पावडरचं दूध, डबा बाहेरच्या खोलीत, कप वेगळा, चमचा वेगळा. ही म्हणायची, "तुमची ती गाय उंबऱ्याच्या आत आणायची नाही." दर शनिवारी दुपारी पोरगी आणि जावई जेवायला यायचे. हिचा आठवडा शुक्रवारी सकाळी सुरू व्हायचा आणि शनिवारी संध्याकाळी संपायचा. मधले दिवस नुसते ढकलायचे.

दोनेक वर्षांपूर्वी ही विसरायला लागली.

आधी बारीकसारीक. सारात मीठ दोनदा, पोरीला म्हणालो मीच घातलं. पावात यीस्ट नाही, वीट निघाली. मग एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून घरी यायला तिला दीड तास लागला. हातात पिशवी, पिशवीत तीळ, आणि चेहरा असा की कुणी तरी तिला दुसऱ्याच्या गल्लीत आणून सोडलंय. मी कुणाला सांगितलं नाही. तिला आणि पोरीला म्हणालो, "आता दुकानात मी जाणार. डॉक्टरनं मला चालायला सांगितलंय." डॉक्टरनं काही सांगितलं नव्हतं.

एका शनिवारी पोरगी लवकर आली, तर शेगडीवर रिकामं पातेलं लालभडक.

"हे काय?"

"मी ठेवलं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही? बाबा, तुम्ही कधी शेगडी पेटवलीय?"

"म्हातारपणी माणूस शिकतो."

तिनं मला बाहेर गॅलरीत नेलं. "खरं सांगा. आई विसरते का? मला राग नाही येणार. पण मी इथं डोळे मिटून खाते, बाबा. तिला जमत नसेल तर आपण बाई ठेवू, नाही तर मी माझा डबा घेऊन येईन. पण मला माहीत असायला पाहिजे."

मी म्हणालो, "काही नाही गं. एक पातेलं जळलं तर एवढं कोर्ट बसवायचं का?"

तिला पटलं नव्हतं. पण तिनं धरून ठेवलं नाही. तिलाही ते घर हवंच होतं ना.

मला कळत होतं मी काय करतोय. पण समजा, पोरगी डबा घेऊन आली असती, तर ह्या बाईनं शुक्रवारी उठायचं कशाला? तिचं डोकं बाकी सगळीकडे घसरत होतं, एक कणीक मळताना नाही. पिठात हात गेला की ती पहिल्यासारखी व्हायची. मलाच ओरडायची, "सरका, उजेड अडवू नका." मला तेवढंच हवं होतं. म्हणून मी पाळत ठेवायचो. मीठ पडलं का, यीस्ट पडलं का, शेगडी बंद झाली का. स्टुलावर बसून सगळं बघायचो आणि तिला वाटायचं म्हातारा हल्ली प्रेमात पडलाय.

तिचा खांदा धरला तसं सोयाबीन पिळणं जमेना. मग टोफू विकतचा, आणि पावापुरती मी तयार सोयाच्या दुधाची पावडर आणायला लागलो. पाकीट हिरवं, त्यावर पांढरी वाटी. पाकीट घरी आलं की ही ते डब्यात ओतायची आणि पाकीट कचऱ्यात. जपानी म्हातारीची शिस्त, कागद-प्लास्टिक स्वयंपाकघरात ठेवायचं नाही. पूर्वी ही स्वतः दुकानात जायची तेव्हा पाकिटाची मागची बारीक अक्षरं तीन-तीनदा वाचायची, दुकानदाराला वाचायला लावायची, पोटात जाणारं एकूण एक. मी? मी रंग बघायचो. हिरवं पाकीट, पांढरी वाटी, टाक पिशवीत. चष्मा घरी टीव्हीवर.

त्या गुरुवारीही असंच आणलं.

शनिवारी सकाळी हिनं डबा उघडला आणि थांबली.

"अहो, इकडे या. वास घ्या जरा."

"मला कसला वास येतोय? छत्तीस वर्षं धूर ओढलाय. शेजारचं घर जळलं तरी मला पेपरातून कळेल."

"वेगळा येतोय. गोडसर. वासराच्या अंगाला येतो तसा."

"सोयाबीनला वासराचा वास? अगं, परवा तू म्हणालीस नळाच्या पाण्याला चपलेचा वास येतोय."

"म्हणाले होते मी?"

"म्हणालीस."

आणि ती म्हणाली होतीच, ते खोटं नाही. ती डब्यात बघत राहिली. बोटावर चिमूटभर घेतली, जिभेवर ठेवायला गेली, मग माझ्याकडे बघितलं. तिचं असं झालं होतं हल्ली. स्वतःची खात्री वाटायची नाही, मग माझ्या तोंडाकडे बघायची.

"मग घालू?"

"घाल," मी म्हणालो. "उशीर होतोय."

पाव असा फुगला की साच्याच्या वर दोन बोटं आला. दुपारी पोरगी आणि जावई आले. सार, परतलेला टोफू, काकडीची कोशिंबीर, पाव आणि वाटलेले काळे तीळ. पोरीनं पावाचा काप मोडला आणि नाकाशी नेला.

"आई, आज काय केलंस? किती मऊ झालाय! आणि वास काय सुंदर येतोय."

तिला बिचारीला दुधात मळलेल्या पावाचा वास माहीत नाही ना.

ही खूष. "घे, अजून घे. तू वाळलीस."

"तू दर शनिवारी मला वाळवतेस आणि शुक्रवारी फुगवतेस."

"उलटं गं, उलटं," जावई म्हणाला, आणि सगळे हसले. दुसरा काप अर्धा झाला होता. पोरीनं गळ्याला हात लावला. खाकरली. पाणी प्यायली. ओठ बघता बघता सुजले, एका बाजूनं आधी. तिनं नवऱ्याकडे बघितलं, बोलता येईना, नुसतं पिशवीकडे बोट केलं. त्यानं अशा वेळेसाठी ठेवलेलं इंजेक्शनचं पेन काढून पँटवरूनच मांडीत खुपसलं. मी खुर्ची पाडून उठलो आणि उठून काय करायचं ते मला कळेना. ही आपला काप हातात धरून बसलेली. "काय झालं? घास लागला का? अहो, तिच्या पाठीवर थापटा ना."

पोरगी वाचली. दोन दिवस दवाखान्यात, एक रात्र नळी लावून. मी देवाला फार त्रास देत नाही, त्या रात्री दिला.

दवाखान्याच्या बाकावर जावई आमच्या समोर उभा राहिला. आवाज चढवला नाही, तो चढवत नाही. "आई, पावात काय घातलं होतं?"

"नेहमीचंच," ही म्हणाली. मग म्हणाली, "नेहमीचंच घातलं का हो मी?"

"बाबांच्या चहाची पावडर बाहेर असते," जावई म्हणाला. "तो डबा आत आला असेल."

हिनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "आणला असेल मी. मला आठवत नाही." आणि परत म्हणाली, "मीच आणला असेल."

आता सांगा, तिथंच मी बोलायला नको होतं? पाकिटाचं मला तेव्हा माहीत नव्हतं, पण वासाचं तर माहीत होतं. ती म्हणाली होती आणि मी तिला गप्प केलं होतं. एवढं तरी म्हणायचं. तोंड उघडलं नाही. घाबरलो, दुसरं काय. म्हटलं पोरगी आधी बरी होऊ दे.

जावई घरी गेला आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे एकजात ओतून, धुऊन, पालथे घालून आला. त्याचं काही चुकलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर ओव्हनही रस्त्यावर फेकला असता.

सोमवारी पोरगी घरी गेली आणि मी चष्मा लावून दुकानात गेलो.

"मालक, ते सोयाचं पाकीट दाखवा."

त्यानं दोन पाकिटं फळीवर ठेवली. दोन्ही हिरवी, दोन्हींवर पांढरी वाटी.

"हे सोयाचं. हे दुधाचं, नवीन आलंय, महिना झाला."

"सारखं का केलंय?"

"मी छापतो का काका? लिहिलंय की त्यावर. आणि ही बघा गाय."

खाली कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढी, गवतात उभी. माझ्याकडेच बघत होती म्हणा.

"गेल्या गुरुवारी मी कुठलं नेलं?"

"दुधाचं. मला वाटलं चहाला."

त्यानंतरही अकरा दिवस गेले. काय सांगू. रोज सकाळी ठरवायचं आज सांगू. रोज ही बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेली. स्वयंपाकघरात पाय ठेवत नव्हती. पाणी प्यायचं तरी मला हाक. मी भात लावायचो, कधी कच्चा, कधी चिखल. ती काही न बोलता खायची. अख्ख्या जन्मात तिनं माझ्या कामाला नाव ठेवल्याशिवाय एक घास गिळला नव्हता. ते न बोलणं मला पोखरत होतं. बाराव्या दिवशी दुकानातून ते दुधाचं पाकीट आणलं आणि पोरीला, जावयाला बोलावून घेतलं.

सगळं सांगितलं. पाकीट मी आणलं. चष्मा नव्हता. तिला वास आला होता, मीच घाल म्हणालो. ही गाय बघा. दुकानदाराला विचारा.

पोरीनं पाकीट हातात घेतलं नाही. बोटाच्या टोकानं दूर सारलं.

"हे तुम्ही आज आणलंत, बाबा."

"हे आज आणलं. पण तेव्हा असंच..."

"पातेलं तुम्ही जाळलं होतंत. त्याआधी मीठ तुम्ही घातलं होतंत. दुकानात डॉक्टरनं पाठवलं होतं." तिचा घसा अजून बसलेला होता, बोलताना खरखर यायची. "पुरे आता. तुम्ही तिला किती सांभाळणार? त्या सांभाळण्यात मी मेले असते."

"अगं, देवाशपथ..."

"तेव्हाही देवाशपथच म्हणाला होतात."

म्हणालो असेन. जावयाकडे बघितलं. तो म्हणाला, "दुकानदाराला विचारून काय करू, बाबा? तुम्ही सांगाल तेच तो सांगणार. तुमची वीस वर्षांची ओळख." मग म्हणाला, "आणि पाकिटानं आलं की डब्यानं, यापुढे काय फरक पडतो?"

ते मात्र खरं होतं. पण मला फरक पडत होता. मी हिच्याकडे वळलो. खुर्चीजवळ खाली बसलो, गुडघे कुरकुरले.

"तू तरी ऐक. तू मला बोलावलंस. वासराच्या अंगाला येतो तसा वास येतोय, म्हणालीस. आठव. डबा हातात होता तुझ्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मन लावून आठवत होती, दिसत होतं. कपाळावर आठी आली. मला वाटलं आलं, आता आलं.

"मी असं म्हणाले?"

"हो. शब्दन् शब्द."

"मग मी घातलं का?"

"मी घाल म्हणालो म्हणून."

ती हसली. त्या बारा दिवसांत पहिल्यांदा. "काहीतरीच. इतक्या वर्षांत तुम्ही सांगितलं म्हणून मी कधी चिमूटभर मीठ तरी घातलंय का?" तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पोरांच्या फिरवतात तसा. "राहू दे हो. पोरीसमोर कशाला खोटं बोलता."

पोरगी उठून गॅलरीत गेली आणि रडली. जावई तिच्या मागे गेला. मी पाकीट उचललं आणि ठेवायला जागा शोधत राहिलो.

नंतर मी तो विषय काढला नाही. डॉक्टरकडे नेलं. त्यानं तिला घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, आणि आम्हाला माहीत होतं तेच लांबलचक नाव घेऊन सांगितलं. आता सकाळी एक बाई येते, भात-भाजी करून जाते, मीठ बरोबर असतं. ओव्हनच्या पुढचं स्टूल तिनं भाजी चिरायला घेतलंय, तर ओव्हनचं दार उघडंच लोंबतं. मिसोची बरणी माझ्यानं उघडवत नाही. उघडून द्यायचं कुणाला? ही पिठाकडे बघतसुद्धा नाही. एकदा मी परातीत पीठ घेऊन तिच्या पुढ्यात ठेवलं, म्हटलं जरा मळून दे, तर तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ज्या हातांना डोक्यापेक्षा जास्त आठवत होतं, त्या हातांचीच तिला भीती बसली.

बाकी घसरण चालू आहे. मागच्या महिन्यात मला तिनं दोनदा विचारलं, तुम्ही वर्कशॉपला गेला नाहीत का. पण शनिवार तिला बरोबर कळतो. कसा ते देव जाणे. सकाळपासून दाराकडे तोंड करून बसते.

पोरगी येते. चुकवत नाही, माझ्याशीही नीट बोलते. घरूनच खाऊन येते, पिशवीत पाण्याची स्वतःची बाटली. आमच्याकडचा पेलाही घेत नाही, आणि आम्ही तो पुढे करत नाही. आईच्या शेजारी बसते, तिचे केस विंचरते, जावयाच्या लिफ्टमध्ये कोण कोण अडकलं त्याच्या गोष्टी सांगते. ही हसते.

परवाच्या शनिवारी पोरगी चप्पल काढत होती, दारातच. हिनं खुर्चीतून वाकून तिच्या तोंडाकडे बघितलं, ओठांकडे, निरखून. आणि हळूच विचारलं, "जेवून आलीस ना गं?"

"हो, आई."

"बरं केलंस," ही म्हणाली.